साळिंदर फौजदार

शुक्रवार. जुम्म्याची नमाज होऊन गेली,
मशिदीपुढच्या गाड्या एकेक करून पांगल्या.
सोहारमध्ये आज शेहेचाळीस.
पडदे ओढलेले, एसी म्हाताऱ्या बोक्यासारखा घरघरतोय,
बायको लॅबमध्ये ड्युटीवर
आणि सतरंजीवर तीन मुलं :
माझी रेवा, माझा ओजस
आणि चौथ्या मजल्यावरचा सुफियान मुकादम,
ज्यांच्या दाराबाहेर आठवडाभर
खोकी रचून ठेवलेली आहेत.

सिनेमा इंग्रजी, खाली अरबी ओळी धावताहेत,
मधे मी, मराठीतून, जमेल तसा.
शेरीफला म्हणतो फौजदार,
सलूनला खानावळ.
पेला भरला जातो तेव्हा म्हणतो कोकम सरबत.
रेवा माझ्याकडे बघते. तिला कळतं.

फौजदार एक साळिंदर आहे.
टोपी घातली की काटे आरपार निघतात,
म्हणून दर प्रसंगात टोपी आधीपेक्षा थोडी फाटकी.
त्याला घोडा कोणी देत नाही,
खेचर मिळतं, तेही रुसकं,
पाठीला काटे टोचले की मटकन खाली बसणारं.
ओजस हसता हसता चुरमुरे सांडतो.

"बाबा, वाळवंट आहे, मग उंट कुठे गेले?"
तिकडे नसतात.
"मग ते कसलं वाळवंट?"
सुफियान नीट विचार करून भर घालतो,
"पेट्रोल पंप पण नाही. करक चहा पण नाही."

एवढ्यात एक वाळकं झुडूप
गोल गोल गडगडत रस्ता ओलांडतं
आणि तिघं एकदम ओरडतात, हे आपलं!
खरंच आपलं.
परवा बंदराच्या रस्त्यावर
असंच एक माझ्या गाडीला आडवं आलं,
अडकलेल्या निळ्या पिशवीसकट.

मग ती वेळ येते. समोर डोमकावळा,
लांब कोट, सोन्याचा दात.
कावळ्याला दात, हे रेवाला अजिबात पटत नाही.
गाव भराभर खिडक्या लावून घेतं.
ओजस उशीमागे, एक डोळा बाहेर.
"मरणार का तो?"
कोण, फौजदार?
"नाही, कावळा."
मी पण हे पहिल्यांदाच बघतोय.
तरी म्हणतो, नाही रे.
नशीब माझं,
कावळा घोड्यांच्या हौदात पडतो,
पंख झटकतो, शिंकतो.

पडद्यावर संध्याकाळ.
साळिंदर बिल्ला काढून खांबाच्या खिळ्याला अडकवतो,
खेचराची मनधरणी करतो
आणि निघतो.
सूर्य केवढा तरी, तो एवढासा.

"कुठे चालला?"
माहीत नाही.
"इथेच का नाही राहत? सगळ्यांना आवडतो ना?"
काम संपलं त्याचं.
रेवा समजूतदारपणे मान हलवते. ती इथलीच, इथेच जन्मलेली.
"म्हणजे व्हिसा संपला."

मी हसतो. सुफियान हसत नाही.
"माझ्या अब्बांनी पण बिल्ला परत दिला,
कंपनीचा, फोटोवाला.
आता फक्त माझा शाळेचा दाखला यायचाय."

मला काहीतरी म्हणायला हवं.
मी चुरमुरे गोळा करतो.

नावं वर सरकू लागतात, शेकडो नावं,
काटे रंगवणारे वेगळे, सावल्या पाडणारे वेगळे.
एरवी इथे आम्ही टीव्ही बंद करतो.
सुफियान वाचत राहतो, ओठ हलवत,
शेवटच्या ओळीपर्यंत.

दारात तो चपला घालतो,
रद्दीची टोपी कपाळावर ओढतो.
"मागे वळून बघायचं नसतं," ओजसला समजावतो,
आणि पाय फाकवून चालत जातो
लिफ्टपर्यंत.
ओजस हात हलवतो.
लिफ्ट तळमजल्यावर अडकलीये,
कोणाचा तरी फ्रीज चढतोय.
तो पाठमोरा उभा.
ओजसने हात बदलला, हलवतोच आहे.

शेवटी तो वळतोच.
"त्या खेचराचं नाव काय होतं?"
ओजसला आठवत नाही. मलाही नाही.
आतून रेवा ओरडते,
थांब रे, मागे नेऊन बघते!