मातीतला खडा

शिवलीला सिस्टर कन्नडात बोलते,
मी मराठीत सांगते,
खानापूरजवळच्या उपकेंद्रात, दर गुरुवारी.
'नोवु' म्हणजे दुखणं, हे सगळ्यांना ठाऊक.
पुढचा शब्द आला
आणि माझी जीभ अडली.
दोन भाषांच्या या गावात
मोठ्यानं घ्यायला त्याला एक नाव नाही.

मागून हौसाक्का कुंभारीण म्हणाली,
"थानं म्हण की गं. पोरं काय वाऱ्यावर वाढवली?"

हसू फुटलं. मग एकेक बोलू लागली:
पाळीच्या आधी जड होतात, ठणकतात.
होतात, सिस्टर म्हणाली, बहुतेकदा भिण्यासारखं नसतं.
काचणारं सैल करा, कोमट फडक्यानं शेका.
पण गाठ लागली, न दुखणारी का असेना,
तर आधी इथं या. अंगारा नंतर.

"कळायची कशी?"

हौसाक्कानं हात वर केले,
नखांत तांबडी माती.
"चिखल मळताना खडा कसा कळतो?
टोचून न्हवं. बोटं सपाट ठेवून, हळू."

मी कन्नडात सांगायला लागले,
सिस्टर म्हणाली, राहू दे, समजलं.

सगळ्या गेल्यावर
हौसाक्का दाराशी रेंगाळली.
"डावीकडं हाय एक. दिवाळीपासनं."