चाव्या

वर्लीन स्कॉगस्टाडच्या कोटाच्या खिशात
तीन चर्चच्या चाव्या.
पितळेची, ती सगळ्यात जुन्या चर्चची.
गवताच्या मुळांसकट कापलेली ढेकळं रचून
नॉर्वेहून आलेल्यांनी त्याच्या भिंती घातल्या.
मग लाकडाचं बांधलं,
मग वीज पडली, पुन्हा लाकडाचंच.

दुसरं रस्त्यापलीकडे.
भांडण देवावरून नव्हतं हो,
प्रवचन कुठल्या भाषेत, एवढंच.
एका जानेवारीत घोडे जुंपून
इंग्रजीवाल्यांनी सम आकड्यांची बाकं
बर्फावरून ओढत नेली.
घंटा मात्र हलली नाही.
चाळीस वर्षं तिच्याच ठोक्यांवर
पलीकडचेही प्रार्थनेला बसत,
आणि विचारलं तर म्हणत,
आम्ही घड्याळ बघतो.

तिसरं कॅथलिकांचं. रेल्वेबरोबर आलं,
रेल्वेबरोबर गेलं.
आता तिथे बियाण्याची पोती
आणि पायाचा अंगठा तुटलेला एक संत.

रविवारी अकरा माणसं येतात,
ज्याचा हीटर चालू, त्या चर्चमध्ये.
पाद्रीणबाई साठ मैलांवरून, रस्ता उघडा असला तर.

परवा एल्डिन टॉर्गरसन गेला
तेव्हा बाकं कमी पडली.
पोरांनी पिकअपमध्ये घालून
पलीकडची इकडे आणली, जिथे जागा दिसली तिथे मांडली:
सातच्या शेजारी बारा, बाराच्या शेजारी तीन.

सगळे कॉफीला तळघरात उतरल्यावर
वर्लीन वरच थांबली.
वाकून, बोटाने धूळ पुसत
एकेक आकडा वाचत गेली.