तीस सेकंदांत तीनदा

नुसरत मॅडमनी शेपटीवर शाईनं आकडा टाकला: सतरा.
वजन अठ्ठावीस ग्रॅम.
पाच रुपयाच्या चहापुडीएवढं,
त्यात काळीजपण आलं.

आधी पांढरी पूड, पाण्यात विरघळलेली.
ग्लायसीन, म्हणाल्या. गोड लागतं.
तुमच्या माझ्या अंगात असतंच,
पायाच्या रश्शात तर ढीगभर.
मग अर्ध्या तासानं दारूची सुई.

नांदेडात मे महिना. बाहेर त्रेचाळीस,
आत उंदरांसाठी एसी.
अकरा वर्षं पिंजरे धुतो, भुसा बदलतो;
गारव्याला बसतो तो त्यांच्याच पुण्याईनं.

सतरा आधी धावतो.
कोपरा न् कोपरा हुंगतो,
जसा काही प्लॉट घ्यायला आलाय.
मग मागचे पाय परगावचे होतात.
मग पडतो.
मी त्याला पत्र्याच्या पन्हाळीत उताणा ठेवतो
आणि घड्याळ दाबतो.

नियम असा, की तीस सेकंदांत तीनदा
आपला आपण पालथा झाला तरच शुद्धीवर आला.
एकदा झाला, धरायचं नाही.
दोनदा झाला, तरी नाही.
एकदोनदा तर कुणीपण उठतंय.

मला वाटलेलं, गोड पूड त्याला लवकर उठवंल.
नुसत्या दारूचा नऊ नंबर
एक्केचाळीस मिनिटांत उठून दाणे खाऊलालता.
सतरा, तास झाला तरी, पोट छताकडं.
"कामून असं, मॅडम?"
"ब्रेकवर दोन पाय पडले, इरबामामा."
"मग ती दुसरी? टॉरिन?"
"तिचा भरवसा नाही.
थोड्या दारूवर पळवते, जास्तीवर बसवते."

मॅडमना ठाऊक नाही,
सहा वर्षांमागं मी असाच होतो,
तरोडा नाक्यावर, गॅरेजच्या फळीवर.
त्याच्याआधी मीपण धावलेलो,
दोनचार कोपरे हुंगलेले.
शोभा उशाशी. तिच्याजवळ घड्याळ नव्हतं,
ती गाड्या मोजत होती:
हिंगोलीच्या, अकोल्याच्या, शेवटी दुधाची.
पहाटे मी कुशीवर वळलो.
ती जागची हलली नाही.
परत वळलो.
तिनं नुसतं बघितलं.
नियम तिला कुणी शिकवला होता, कोण जाणे.

सत्याहत्तराव्या मिनिटाला सतरा वळला.
मी उताणा केला.
वळला.
उताणा केला, आणि हात मागं घेतला नाही लगेच.
अंगठ्याखाली काहीतरी भराभर वाजत होतं.
वळला.
मिशा पुसल्या, जसं काही घडलंच नाही.

वहीत लिहिलं: ७७.
बाकी कशाला रकाना नाही.

दिवे घालवायच्या आधी
त्याच्या पिंजऱ्याला बाटली लावली, साध्या पाण्याची.
लावताना हुंगून बघितली.
सवय.