खंयचो रे तूं?

रायबंदरच्या या खोलीला दोन खिडक्या,
माझ्या स्क्रीनवर पाच.
त्यातली एक फेरीबोटीच्या पासाची, मी बांधलेली.
एक बँकेची. तिच्यात मला डोकावता येत नाही,
तिला माझ्यात नाही.
मध्ये एवढीशी फट, निरोप सरकवण्यापुरती:
पैसे मिळाले.
किंवा, नाही मिळाले.

शाणूनं घाईत पत्त्याच्या जागी चांदणी टाकून ठेवलेली.
चांदणी म्हणजे कुणीही.
पाकिटावर नाव न घालता
ते मांडवीत सोडून द्यावं, तसं.
आणि माझ्या बाजूची तऱ्हा वेगळीच:
खिडकी उघडली की मी ऐकणारा एक नवा बसवायचे,
आधीच्याला उठवायचं विसरून.
एका हाकेला तीन ओ.
दिवाडीच्या कुणा माणसाचा
एकाच स्कूटरसाठी तीनदा पास कापला गेला.

समोर इस्मेनियाबायची खिडकी, शिंपल्यांच्या तावदानांची,
उजेड आत घेते, चेहरा घेत नाही.
सकाळी पोदेराचा भोंगा वाजतो
आणि ती नुसत्या आवाजावरून ठरवते,
हा आपला, हा पलीकडच्या वाड्यावरचा.
आपला असेल तरच दोरीला बांधलेली पिशवी खाली येते.
अनोळखी कुणी हाक मारली तर
तावदान बोटभर सरकवून विचारते,
"खंयचो रे तूं?"
काय हवंय, हे नंतर.

तीच ओळ मी सगळ्यात वर लिहिली.
उगम आपला नसेल तर परत फिर.
ओ देऊ नकोस,
नाही म्हणूनही सांगू नकोस.

दुपारी एकच पास कापला गेला. एकदाच.
शाणूनं फोनवर शिट्टी मारली.

साडेचारला धक्क्यावर फेरीबोट भोंगा देते.
त्यात मजकूर काही नसतो,
आणि तो भोंगा तिच्यासाठी नाही, हे तिलाही ठाऊक.
तरी तावदान उघडतं. रोज.
आंसेल्म याच बोटीनं गेला, पुढे विमानानं, स्विंडनला,
सहा वर्षं झाली,
आणि हा एक ऐकणारा कुणी उठवलेलाच नाही.

मला उठवायची ओळ येते. आजच लिहिली.
ती इथं चालत नाही.

खोली घ्यायला आले तेव्हा तिनं मलाही विचारलं होतं,
"खंयचें गो तूं?"
मी म्हटलं, सावंतवाडीची.
तिनं जरा वेळ तपासून पाहिलं,
मग पिशवीतली एक पोळी काढून दिली,
गरम होती,
कोंडा हाताला लागला.