गिळल्यावर दोन शब्द

सकाळी नऊला शटर वर जातं
आणि केल्विन सेचेल आत येतो,
बुटांना काळा चिखल.
विस्बीचची मातीच काळी, जुन्या दलदलीची,
पंपांनी उपसून उपसून कोरडी ठेवलेली.

मी हिरवं मेथाडोन मोजते. पंचेचाळीस मिली.
प्लास्टिकच्या पेल्यात,
मग त्याच पेल्यात घोटभर पाणी.
तो पितो. मग मी म्हणायचं, बोल.
नियमच आहे तसा.
गालात औषध धरून कुणाला नीट बोलता येत नाही.

चार वर्षं असे दोन-दोन शब्द.
"वारा सुटलाय." "बस चुकली."
ऑक्टोबरात, "हंस आलेत."
सगळे जोडले तर एक तुटक पत्र होईल,
कुणाला लिहिलंय ते न सांगणारं.

एकदा त्यानं विचारलं,
तुमच्या भाषेत या नशेला काय म्हणतात?
मी म्हटलं, अंमल.
राज्यालाही तोच शब्द.
"कुणाचं राज्य?"
एके काळी तुमचं.
"माझं?" तो म्हणाला,
"माझं तर माझ्यावरसुद्धा नाही."

त्याची चिठ्ठी निळी, त्याच्या आईची हिरवी.
डोरीनबाईंचा कॅन्सर हाडांत उतरलेला.
त्यांच्या मॉर्फिनची तपकिरी बाटली
मी त्याच्याच हातात द्यायची,
आणि माझी बोटं, खोटं कशाला बोलू,
बाटलीवरून क्षणभर उशिरा सुटायची.
त्याला ते दिसायचं.

चालता यायचं तोवर डोरीनबाई स्वतः यायच्या,
काउंटरजवळच्या खुर्चीत टेकायच्या.
त्यांच्या खापरपणजीच्या परसात पांढरी अफू होती.
दलदलीचा हिवताप एक दिवसाआड यायचा,
बोंडं उकळून सगळं घर काढा प्यायचं,
रडणारं पोरही त्यावरच झोपायचं,
काही पोरं उठायचीच नाहीत.
"बाजारच्या दिवशी पेनीला गोळी मिळायची,
पाव घेतात तशी घ्यायचे.
कुणी कुणाला नाव ठेवत नव्हतं."

मी कुणाच्या तरी रक्तदाबाच्या गोळ्या मोजत होते.
आकडा चुकला.
सिन्नरला आई मांडीवर सूप घेऊन
दिवसाला हजार विड्या वळायची,
मी रडू नये म्हणून बाळगोळी द्यायची,
मोहरीएवढी.
मी उठले.
शेजारच्या शकूमावशीची धाकटी उठली नाही.
तिला अजून नाव ठेवायचं होतं.

मार्चमध्ये डोरीनबाई गेल्या.
तिसऱ्या दिवशी केल्विन बाटली परत घेऊन आला.
लेबलच्या कडेला पेन्सिलच्या रेघा,
दर मात्रेला एक.
गुरुवारपर्यंतच्या त्यांच्या, सरळ.
पुढच्या त्याच्या.
"मोजा," म्हणाला.
गरज नाही, मी म्हटलं.
"मोजा."

मी बाटली उजेडात धरली.
औषध शेवटच्या रेघेला टेकलेलं.
एके ठिकाणी मात्र रेघ खोडून
पुन्हा काढली होती, केसभर खाली.
मी विचारलं नाही.
त्यानं सांगितलं नाही.
नाश करायच्या डब्यातल्या पावडरीवर सगळं ओतलं,
पाणी घातलं, हलवलं,
आणि ते खिमटीसारखं घट्ट होत गेलं.
आम्ही दोघं बघत राहिलो,
जणू कुणाला भरवायचं होतं.

मग पंचेचाळीस मिली. मग पाणी.
मग मी नेहमीसारखी थांबले.
त्याचा गळा हलला. शब्द आला नाही.
मागे रांगेत कुणीतरी खोकलं.
नियमानं मी म्हणायला हवं होतं, बोल.
मी नोंदवहीत वेळ लिहिली, नऊ बारा,
आणि सहीला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला.

दाराशी तो वळला.
"हंस गेले," म्हणाला.
"यंदा लवकर."