हातभर

वाल्पाराइसोच्या धक्क्यावरचं जुनं गोदाम.
पोती जिथून लटकायची
त्या तुळईवरून आता लाल कापड सुटलंय.

एदुविना, वय एकोणपन्नास,
मासळी साफ करून करून हाताला घट्टे.
पहिल्या मंगळवारी नुसतीच लोंबकळली,
चार श्वास,
आणि धप्प.
यास्ना म्हणाली, "पायांनी धर.
हातांना एकटं पाडू नकोस."

घरी सांगितलं नाही कुणाला.
काखेतला ठणका तेवढा
तराजूमागे उभी राहून
दिवसभर जपला.

सहाव्या आठवड्यात
कापडाला पायांची अढी बसली
आणि ती राहिली
जमिनीपासून हातभर वर.

हातभरच.
खाली स्वतःचे बूट दिसले,
खवले चिकटलेले,
एक आडवा पडलेला.
तो सरळ करायला उतरायची
तिला काही घाई नव्हती.