पाचव्या आणि सहाव्याच्या मधे

कुणाकडून शिकलीस, असं विचारतात.
बर्लिनचं नाव घ्यावं अशी अपेक्षा असते,
निदान एखाद्या तबकडीचं.
मी लिफ्टचं नाव घेते.
हसतात. मग लिहून घेतात.

ग्ल्दानी, त्बिलिसीचं उत्तर टोक,
नऊ मजल्यांची इमारत, त्र्याण्णवचा हिवाळा.
दिवसातून दोन तास वीज, तीही तिच्या मर्जीनं.
आली की अंगणभर एकच आरोळी: आली!
आणि शंभर घरांतले फ्रीज एकदम घुमू लागायचे
एकाच खर्जात,
मेजवानीला काकालोक धरून ठेवतात तसा,
ज्याच्या भरवशावर बाकीचे दोन आवाज
खुशाल वर चढतात.
माझा सगळा बेस तिथला.

मी सात वर्षांची. हातात रॉकेलची बाटली.
पाचव्या आणि सहाव्याच्या मधे
लिफ्टचा जीव गेला.
डोळे मिटलेत की उघडे, ते बोटानं चाचपून पाहिलं.
रडले नाही; रॉकेल सांडलं असतं.

वडील, ओतिया, लिफ्टा दुरुस्त करायचे.
त्यांनी वरून रुळावर पाना आपटला:
दोन ठोके. थांब. एक ठोका.
त्याचा अर्थ काय, हे कधी ठरलं नव्हतं.
माझ्या खिशात पाच कोपेकचं नाणं होतं,
मेलेल्या देशाचं, त्यात काडेपेटीही येत नव्हती.
ते मी पत्र्यावर वाजवलं.
दोन. थांब. एक.
असं चाळीस मिनिटं.
मधेच त्यांनी सिगारेट पेटवली असावी,
कारण तो एक ठोका उशिरा आला
आणि माझ्या काळजाचा चुकला.
त्या उशिराचं माप
मी अजून शोधते आहे.

यंत्र फार पुढे आलं. सोळाव्या वर्षी.
मामेभाऊ जुम्बेरीनं ओडेसाच्या बाजारातून
बटाट्याच्या पोत्यात घालून आणलं:
सोळा बटणांचं ड्रम मशीन, निम्मं मुकं.
वडिलांनी जुन्या रिलेतलं तांबं काढून
पंधरा बटणं बोलती केली.
टाळीचं काही केल्या बोलेना.
म्हणून माझ्या संगीतात टाळी नाही.
कुणी त्याला संयम म्हणतं, कुणी बंड.
मी मान डोलावते.

आमच्या लिफ्टला आता डबा बसवलाय,
वीस तेत्री टाकल्याशिवाय हलत नाही.
नाणं पडतं, यंत्र क्षणभर विचार करतं,
मग खट्.
तो विचार मी नऊ इमारतींतून रेकॉर्ड केलाय.
प्रत्येकीचा वेगळा.
शेजारच्या नानुलीबाईंच्या वाळवणाच्या दोरीची कप्पी
तीन मजले ऐकू जाईल अशी किरकिरते;
तिला तेल घालू नये म्हणून
मी त्यांना दर महिन्याला साखर नेऊन देते.

संगणकात सगळे ठोके सरळ बसवायचं बटण असतं.
ते मी दाबत नाही.
खरं सांगू? दाबते.
आणि मग रात्रभर बसून
एकेक ठोका हातानं बिघडवते.

बाटल्यांच्या जुन्या कारखान्यात, पहाटे चारला,
आठशे माणसं घामानं निथळत असताना
मी सगळं बंद करते. दिवेसुद्धा.
पहिल्या वेळी मालक पळत आला,
फ्यूज गेला समजून.
शिट्ट्या होतात, शिव्या होतात, मग श्वास ऐकू येतात.
मग दोन ठोके.
थांब.
तिसरा मी वाजवत नाही.
कुणीतरी वाजवतं, लायटरनं, अंगठीनं,
खांबावर टाच आपटून,
आणि तिथेच माझी सम.
दर वेळी असं होतंच असं नाही.
रुस्तावीत एकदा कुणीच वाजवला नाही.
अंधारात उभी राहिले, हात गार,
रॉकेलचा वास यायला लागला.

वडील एकदाच आले.
कामाचा कोट, एका कानात यंत्र,
खिशात पाना, का तर सवय.
नाचणाऱ्यांमधून अंग चोरत
थेट स्पीकरपाशी गेले आणि तळवा टेकवून उभे राहिले,
आजाऱ्याच्या छातीवर ठेवतात तसा.
अर्धा तास.
सेट संपल्यावर मी धावत खाली गेले.
म्हणाले, डावीकडचा फाटलाय.

सकाळी उघडून पाहिला.
फाटला होता. नखाएवढा.